पातं थरथरलं आणि ४७ जीव गेले : विमानाच्या इंजिनाची पाती का तुटतात?

८ जानेवारी १९८९, रविवारची रात्र. लंडनच्या हिथ्रो विमानतळावरून ब्रिटिश मिडलंड कंपनीचं एक विमान उत्तर आयर्लंडमधल्या बेलफास्टला निघालं. आत ११८ प्रवासी आणि ८ कर्मचारी. विमान काही जुनंपुराणं नव्हतं. बोईंग ७३७-४०० हे त्या वेळचं नवंकोरं मॉडेल, आणि हे विमान आयुष्यात जेमतेम ५२१ तास उडालेलं. ट्रॅक्टरच्या हिशोबात सांगायचं तर अजून धुरळासुद्धा नीट बसला नव्हता.

साधारण अर्ध्या तासानं तेच विमान केगवर्थ गावाजवळ महामार्गाच्या कडेच्या उतारावर आदळून तीन तुकडे झालं. ३९ माणसं जागेवर गेली, ८ नंतर दवाखान्यात गेली. एकूण ४७. वाचलेल्या ७९ जणांपैकी ७४ जण गंभीर जखमी.

सुरुवात कशानं झाली? इंजिनाच्या पुढच्या पंख्यातल्या ३८ पात्यांपैकी एका पात्याचा टोकाकडचा तुकडा उडाला, त्यानं. ना पक्षी आडवा आला, ना वीज पडली, ना घातपात. ते पातं थरथरून थरथरून तुटलं होतं.

आपल्याकडं आता घरटी एखादा पोरगा पुण्याला, आखाती देशात नाहीतर बेंगळुरूला आहे. विमानात बसणं पहिल्यासारखं नवलाचं राहिलं नाही. आणि थरथर काय चीज आहे हे मोटर, थ्रेशर, कडबाकुट्टी वापरणाऱ्या माणसाला कोणी नव्यानं सांगायला नको. म्हणून हा विषय नीट समजून घेऊ.

आधी इंजिन म्हणजे काय ते बघू

जेट इंजिनाचं काम सोप्या भाषेत चार पायऱ्यांचं आहे. पुढचा मोठा पंखा हवा आत ओढतो. त्यातली थोडी हवा आतल्या भागात जाते, तिथं लहान लहान पात्यांच्या ओळी तिला दाबतात. दाबलेल्या हवेत इंधन जाळतात. तो पेटलेला गरम वायू मागं जाताना शेवटच्या पात्यांच्या चाकांना, म्हणजे टर्बाईनला, फिरवतो. टर्बाईन फिरलं की दांड्यावरून पुढचा पंखा फिरतो. पंख्यानं ओढलेली बहुतेक हवा मात्र आत न जाता बाजूनं मागं फेकली जाते आणि विमान पुढं ढकललं जातं.

म्हणजे पुढं पाती, मधे पाती, मागं पाती. मागच्या टर्बाईनच्या पात्यांना हजार अंशाच्या वरची झळ सोसावी लागते. पुढच्या पंख्याच्या पात्यांना झळ नाही, पण ती लांब असतात आणि वाऱ्याचा मार खातात. थरथरीचा धोका दोन्हीकडं आहे.

केगवर्थच्या विमानाला सीएफएम ५६ नावाची इंजिनं होती. अमेरिका आणि फ्रान्समधल्या दोन कंपन्यांनी मिळून बनवलेली. पंख्याचा व्यास सुमारे ५ फूट आणि वेग मिनिटाला साधारण ५ हजार फेरे. आपल्या ट्रॅक्टरचा पीटीओ मिनिटाला ५४० फेरे मारतो, त्याच्या नऊपटीहून जास्त. या वेगात पात्याचं टोक सेकंदाला ४०० मीटरच्या आसपास पळतं आणि प्रत्येक पात्याच्या बुडाला कित्येक टनांची ओढ बसते. एवढ्या ओढीला पातं टिकतं, कारण ते त्याच हिशोबानं बनवलेलं असतं. ओढ ठरलेली असते. थरथर मात्र न बोलावता येते.

थरथर लोखंड कशी तोडते?

बाईंडिंगची तार हातानं ओढून तोडायला जा, तुटणार नाही. तीच तार एका जागी धरून इकडं-तिकडं वाकवा. दहा-वीस वेळा वाकवली की पटकन तुटते. जोर थोडाच लावला, पण पुन्हा पुन्हा लावला. याला धातूचा थकवा म्हणतात.

होतं असं की धातूत कुठंतरी केसाएवढी चीर पडते. प्रत्येक हिसक्याला ती थोडी पुढं सरकते. बरेच दिवस बाहेरून काहीच दिसत नाही. चीर वाढत वाढत जाते आणि एक दिवस उरलेला भाग ओझं सोसत नाही, तेव्हा एका झटक्यात तुकडा पडतो.

आता प्रश्न असा, की पातं एवढं हलतं कशानं? झोपाळ्याचं उदाहरण घ्या. झोपाळ्याला जोरात धक्का द्यायची गरज नसते. तो मागं आला की बरोबर त्याच वेळी हलका धक्का द्यायचा, झोका वाढत जातो. वेळ चुकली की झोका मोडतो. प्रत्येक वस्तूचा असा स्वतःचा एक ताल असतो. ताटाला चमचा मारला की ते एका ठरावीक आवाजातच वाजतं, तोच त्याचा ताल. इंजिनाच्या पात्याचाही ताल असतो. बाहेरचा धक्का नेमका त्या तालावर बसला की थोड्याशा धक्क्यानं पातं मोठं थरथरायला लागतं.

यातला एक प्रकार जास्त वाईट. तिथं बाहेरून धक्का देणारं कोणीच नसतं. पात्यावरून वाहणारी हवाच त्याला हलवते, आणि ते हललं की हवा अजून जोर देते. याला फ्लटर म्हणतात. सोसाट्याच्या वाऱ्यात ताडपत्रीचं सुटलेलं टोक जसं फडफडतं आणि थांबायचं नाव घेत नाही, तसंच.

जरा हिशोब करू. समजा एखादं पातं सेकंदाला १०० वेळा थरथरतंय. मिनिटाला ६ हजार झाले. तासाला ३ लाख ६० हजार. दहा तासांत ३६ लाख हिसके! तार दहा-वीस वेळात तुटते ती खूप वाकवल्यामुळं. पातं थोडं वाकतं, पण लाखो वेळा वाकतं. म्हणून नवं इंजिनसुद्धा थोड्या तासांत जाऊ शकतं.

त्या रात्री काय घडलं

विमान ७ वाजून ५२ मिनिटांनी उडालं. ८ वाजून ५ मिनिटांनी ते २८ हजार ३०० फुटांवर चढत असताना डाव्या इंजिनाच्या पंख्यातल्या एका पात्याचा बाहेरचा भाग तुटला. पंख्याचा तोल गेला. अख्खं विमान थडथडायला लागलं. जळाल्याचा वास आला, धूर आला. मागच्या काही प्रवाशांना डाव्या इंजिनातून ठिणग्या निघताना खिडकीतून दिसल्या.

विमानाला दोन इंजिनं. एकावर विमान चालतं, उतरतंसुद्धा. म्हणजे बिघडलेलं बंद करायचं आणि चांगल्यावर जवळच्या विमानतळावर उतरायचं, एवढंच काम होतं.

कॉकपिटमध्ये कॅप्टननं सोबतच्या वैमानिकाला विचारलं, कुठल्या इंजिनाचा त्रास आहे? तो डावं म्हणता म्हणता थांबला आणि उजवं म्हणाला. उजव्याची शक्ती कमी केली. आणि नेमकं तेव्हाच थडथडणं कमी झालं! दोघांची खात्रीच पटली. उजवं इंजिन बंद केलं गेलं. म्हणजे चांगलं बंद, तुटकं चालू.

थरथर का कमी झाली? इंजिनाचा वेग आपोआप सांभाळणारी यंत्रणा त्या वेळी बंद झाली होती. त्यामुळं डाव्या इंजिनाचं इंधन वर-खाली होणं थांबलं आणि ते कसंबसं एका वेगावर स्थिर झालं. रोग गेला नव्हता, फक्त कण्हणं थांबलं होतं.

विमान ईस्ट मिडलंड्स विमानतळाकडं वळलं. खाली येताना इंजिनाला फार जोर लागत नाही, म्हणून डावं इंजिन गपगुमान चाललं. उतरायच्या वेळी थोडी शक्ती वाढवली आणि धावपट्टी समोर असताना, जमिनीपासून सुमारे ९०० फुटांवर, त्यानं दम सोडला. मग आगीची घंटा वाजली. बंद केलेलं उजवं इंजिन परत चालू करायला वेळच उरला नव्हता. विमान आधी एम वन महामार्गाच्या अलीकडच्या शेतात टेकलं, मग रस्ता ओलांडून पलीकडच्या उतारावर आदळलं. रस्त्यावरच्या एकाही गाडीला धक्का लागला नाही, हे नशीबच.

मग चूक वैमानिकांची का?

आपल्याकडं अपघात झाला की पहिलं वाक्य ठरलेलं असतं, ड्रायव्हरची चूक. ब्रिटनच्या विमान अपघात चौकशी विभागानं तिथं थांबायचं नाकारलं. १९९० मध्ये त्यांचा अहवाल आला. वैमानिकांनी चुकीचं इंजिन बंद केलं आणि घाई केली, हे त्यांनी स्पष्ट लिहिलं. पण त्यांनी अजून दोन प्रश्न विचारले. जाणत्या माणसांकडून असं का झालं? आणि पातं तुटलंच का?

पहिल्याचं उत्तर असं. कॅप्टनला १३ हजारांहून जास्त तास उडवायचा अनुभव. पण या नव्या मॉडेलचे मीटर वेगळे होते. इंजिनाची थरथर दाखवणारा काटा होता, डाव्या इंजिनाचा काटा शेवटाला गेलेलाही होता. पण तो मीटर लहान, लक्ष वेधणारा दिवा त्याला नाही. जुन्या विमानांत हे मीटर भरवशाचे नव्हते, म्हणून वैमानिकांना त्यांच्याकडं बघायची सवयच उरली नव्हती. नव्या मीटरवर सिम्युलेटरमध्ये सरावही मिळाला नव्हता. धूर आला तेव्हा केबिनची हवा उजव्या इंजिनावरून येते, या समजानं कॅप्टननं उजव्यावर संशय घेतला. नंतर त्यानं एकदा सगळं पुन्हा तपासायला घेतलंही होतं, पण रेडिओवरच्या बोलण्यात ते अर्धवट राहिलं.

आणि एक गोष्ट मनाला फार लागते. कॅप्टननं प्रवाशांना माईकवर सांगितलं की उजव्या इंजिनात बिघाड होता, ते बंद केलंय. मागं बसलेल्या काहींनी स्वतःच्या डोळ्यांनी डाव्या बाजूला ठिणग्या बघितल्या होत्या. कर्मचाऱ्यांपैकीही काहींनी ते बघितलं होतं. पण कोणी पुढं जाऊन सांगितलं नाही. "त्यांना जास्त कळतं" असं प्रत्येकाला वाटलं असणार. एक वाक्य पुढं गेलं असतं तर उजवं इंजिन परत चालू करायला हाताशी बरीच मिनिटं होती.

पात्याची चौकशी : तुटलेला तुकडा बोलतो

तुटलेला धातू बघून जाणकार बरंच सांगतात. एका झटक्यात तुटलेली जागा खडबडीत असते. थकव्यानं तुटलेल्या जागेवर मात्र गुळगुळीत भाग असतो आणि त्यावर ओळीवर ओळी दिसतात, झाडाच्या खोडातल्या वलयांसारख्या. चीर कुठून सुरू झाली, कशी सरकली, हे त्या ओळींवरून मागं मागं जात शोधता येतं. मोठ्या भिंगाखाली या ओळी अगदी बारीक दिसल्या तर समजायचं की हिसके छोटे पण फार वेळा बसलेत. म्हणजे थरथरीचं काम.

केगवर्थच्या पात्यावर थकव्याच्या खुणा सापडल्या. पण थकवा आला कशानं, ते लगेच पक्कं होईना. आणि इतक्यात, पाच महिन्यांनी, जून १९८९ मध्ये तसंच पुन्हा झालं. ९ जूनला डॅन एअर कंपनीच्या आणि ११ जूनला पुन्हा ब्रिटिश मिडलंडच्या ७३७-४०० विमानाचं पंख्याचं पातं त्याच पद्धतीनं तुटलं. दोन्ही विमानं सुखरूप उतरली. पण तीन विमानं, तीच इंजिनं, तसंच तुटणं, याला योगायोग कोण म्हणेल? त्या इंजिनांची विमानं ब्रिटनमध्ये जमिनीवर उभी केली गेली.

मग कंपनीनं इंजिनाला ताण मोजणारी यंत्रं लावून ते खरोखर आकाशात उडवून तपासलं. तेव्हा गोम सापडली. १० हजार फुटांच्या वर, चढतानाची पूर्ण शक्ती लावली की पंख्याची पाती आणि मधली चकती मिळून एका तालात थरथरत होती. जमिनीवर हे होतच नव्हतं.

याचं कारण असं. याच इंजिनाचा आधीचा प्रकार २२ हजार पौंड जोराचा, म्हणजे जवळपास १० टन. त्यालाच सुधारून २३ हजार ५०० पौंडांपर्यंत नेलं, साडेदहा टनांच्या पुढं. पंखा जरा जास्त वेगानं फिरवायचा, एवढाच फरक. नव्या प्रकाराची थरथरीची चाचणी झाली होती, पण ती जमिनीवरच्या चाचणीघरात. वर हवा विरळ आणि थंड, ती पात्यावरून वेगळ्या तऱ्हेनं वाहते. ती गोष्ट खाली बसून दिसली नाही.

शेतकऱ्याला हे लगेच पटेल. प्रदर्शनाच्या मैदानात पेरणी यंत्र झकास चालतं. आपल्या काळ्या रानात, ओलीत, ढेकळांत घातलं की त्याचा खरा गुण कळतो. यंत्र जिथं चालणार तिथंच तपासायला पाहिजे.

मग काय बदललं?

आधी ताबडतोबीचा उपाय म्हणून या इंजिनांची शक्ती खाली आणली. नंतर पात्याची रचना बदलली. अहवालात एकूण ३१ शिफारशी होत्या. नव्या किंवा शक्ती वाढवलेल्या इंजिनाची थरथर उंचावरच्या परिस्थितीतही तपासावी, हा त्यातला मोठा धडा. थरथरीचे मीटर ठळक असावेत, वैमानिकांना त्यावर सराव मिळावा, आणि विमानातल्या मागच्या कर्मचाऱ्यांनी दिसलेलं पुढं सांगावं यासाठी दोघांचं प्रशिक्षण एकत्र व्हावं, यावर भर आला. डोक्यावरचे सामानाचे कप्पे त्या रात्री जवळजवळ सगळे निखळून पडले होते, आणि आदळताना पाय मोडल्यामुळं कित्येकांना स्वतः बाहेर पडता आलं नाही. त्यावरून कप्पे, खुर्च्या आणि संकटात वाकून बसायची पद्धत यांवरही काम झालं. आज विमानात खुर्चीच्या खिशात जे सूचनांचं कार्ड असतं, त्यातलं वाकून बसलेल्या माणसाचं चित्र या अभ्यासातून सुधारत आलंय. पुढच्या वेळी ते एकदा नीट बघा.

विषय संपलेला नाही

१७ एप्रिल २०१८ ला अमेरिकेत साऊथवेस्ट कंपनीच्या विमानाच्या पंख्याचं एक पातं बुडातून तुटलं. आवरणाचा तुकडा खिडकीवर बसला आणि एका प्रवासी बाईचा जीव गेला. ते पातं ३२ हजारांहून जास्त उड्डाणं झालेलं होतं. इथला थकवा जरा वेगळा होता. दर उड्डाणाला पातं एकदा ताणलं जातं आणि सैल होतं, त्या हजारो ताणांनी चीर वाढली. २० फेब्रुवारी २०२१ ला डेन्व्हरहून निघालेल्या युनायटेडच्या विमानाचं पातं तुटून इंजिनाचे तुकडे लोकांच्या अंगणात पडले. सुदैवानं कोणाला लागलं नाही. तेव्हापासून पाती काढून आतल्या चिरा शोधायची तपासणी जास्त वेळा आणि जास्त कडक झाली. पोटातलं बाळ बघायला सोनोग्राफीत जसा आवाज आत सोडतात, तशाच लहरी पात्यात सोडून न दिसणारी चीर पकडतात.

आपल्या देशातही २०१९ मध्ये इंडिगोच्या ए-३२० निओ विमानांच्या इंजिनात मागच्या टर्बाईनची पाती तुटायचे प्रकार झाले. थरथर वाढली की वैमानिक इंजिन बंद करून परत फिरत. शेवटी विमान वाहतुकीवर नजर ठेवणाऱ्या डीजीसीए या सरकारी यंत्रणेनं ९७ विमानांची इंजिनं बदलायला लावली. तिथं पात्याचा धातूच बदलावा लागला.

यावरून घाबरून विमानात बसायचं सोडू नका. एक पातं तुटलं तरी विमान एका इंजिनावर उतरतं, आणि बहुतेक वेळा उतरलेलंच आहे.

आपल्या रानात याचा उपयोग काय?

बराच आहे. जेट इंजिन आणि कडबाकुट्टी, दोन्हींना नियम एकच.

एक, यंत्राचा आवाज किंवा थरथर बदलली की आधी बंद करा, मग बघा. "एवढी पेंढी होऊ दे" म्हणून चालवू नका. चीर कधी शेवटाला येते ते सांगून येत नाही.

दोन, कडबाकुट्टीची, रोटाव्हेटरची पाती बदलताना एकच नवं आणि बाकी झिजलेली, असं शक्यतो करू नका. वजन कमी-जास्त झालं की तोल जातो आणि थरथर सुरू होते. ढिला नट आणि गेलेलं बेअरिंगही तेच करतात.

तीन, वेल्डिंग मारलेली जागा हंगामाच्या सुरुवातीला पुसून उजेडात बघा. चीर असली तर वरून परत वेल्डिंगचा थर देण्यात अर्थ नाही, खाली चीर तशीच राहते.

चार, पुली बदलून यंत्राचा वेग वाढवू नका. त्या इंजिनाचाही वेग थोडासाच वाढवला होता.

पाच, हात घालायच्या आधी बंद केलेलं यंत्र तेच आहे ना, स्टार्टर त्याच मोटरचा आहे ना, हे दोनदा बघा. एका विहिरीवर तीन मोटरी असल्या की ही गफलत सहज होते.

आणि शेवटचं. मळणीवर काम करणाऱ्या पोराला, पेंढ्या देणाऱ्या बाईला काही वेगळं दिसलं आणि तिनं सांगितलं, तर "तुला काय कळतंय" म्हणू नका. त्या रात्री ठिणग्या मागं बसलेल्यांना दिसल्या होत्या, पुढं मीटरसमोर बसलेल्यांना नाही.